पट्टी

पट्टी म्हटलं की आपल्यासारख्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं? ड्रॉइंग हॉलमध्ये ऐन सबमिशनच्या दिवशी कुणीतरी ढापलेली फूटपट्टी! मलाही वीस वर्षं तेवढाच अर्थ ठाऊक होता. दुसरा अर्थ मला मिरजेच्या एका कारखान्यात, लाकडाच्या भुशात मांडी घालून बसलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने विचारला. माझी अवस्था व्हायवाला एक्स्टर्नलने पहिलाच प्रश्न पोर्शनबाहेरचा टाकल्यावर होते तशी झाली.

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी आपल्या मेसच्या आमटीसारखं आहे, पातळ आणि कधीकधी खडे लागणारं. तेव्हा सांभाळून घ्या.

माझं गाव भांडगाव. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की यवतच्या पुढे, चौफुल्याच्या अलीकडे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये हायवे आणि हायवेवर ट्रॉल्या. आषाढी वारीच्या दिवसांत तुकाराम महाराजांची पालखी यवतहून वरवंडला जाताना आमच्यावरून जाते. आयुष्यात पहिल्यांदा तारांचं वाद्य मी पाहिलं ते गिटार नव्हे, दिंडीतल्या विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा. पण शाळा कॉन्व्हेंट. स्कूलबसने रोज जाऊन-येऊन दोन तास. तिथे कॉयरमध्ये गिटार होती, मला ती आवडली आणि वीणा मागे पडली.

अकरावीत बाबांनी साडेचार हजारांची गिटार घेऊन दिली. विंगमधल्या सगळ्यांना ती माहीत आहे, काहींना तर नको तितकी माहीत आहे. तिची वरची फळी प्लायवूडची. चांगल्या गिटारची वरची फळी एकसंध लाकडाची असते, बहुतेक वेळा स्प्रूसची. ती पातळ असते, तारेबरोबर थरथरते आणि जुनी होईल तशी जास्त खुलते. प्लायवूडचे थर एकमेकांना चिकटवून गप्प केलेले असतात. त्यात हॉस्टेलची ओल. सेकंड इयरच्या पावसाळ्यात तिचा ब्रिज उचकटायला लागला आणि मी ठरवलं, आता हाताने बनवलेलीच गिटार घ्यायची. माझ्या मापाची, मी सांगेन तशी. त्यासाठी बारावीच्या मुलींच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. अठरा हजार जमले. ऑटोकॅडमध्ये तीन व्ह्यूंचं ड्रॉइंग काढलं, बाराव्या फ्रेटवर माझ्या नावाचं आद्याक्षर. डायमेन्शन्स सगळ्या मिलिमीटरमध्ये, टॉलरन्ससकट!

माझी रूममेट मिरजेची. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे गल्लीच्या गल्ली वाद्यं बनवते. तिथे विचार की." म्हणून थर्ड इयरच्या सुरुवातीला, सबमिशनच्या धावपळीआधी, आम्ही दोघी स्वारगेटहून एसटीने निघालो. माझ्या पाठीवर उचकटलेली गिटार, हातात ड्रॉइंगची गुंडाळी.

मिरजेला पेशंटचं गाव म्हणतात. मोठमोठे डॉक्टर, हॉस्पिटलं. पण हे गाण्याचंही गाव आहे हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. अब्दुल करीम खाँ इथे राहिले, 1937 साली वारले आणि इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. दरवर्षी उरुसाला तिथे गाणारे-वाजवणारे येऊन हजेरी लावतात. आणि या गाणाऱ्यांना लागणाऱ्या सतारी, तंबोरे याच गावात होतात, जवळजवळ पावणेदोनशे वर्षं. रूममेटच्या आजोबांनी गोष्ट सांगितली ती अशी. फरीदसाहेब म्हणून एक कारागीर होते, मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. इंग्रजी अंमल आला, तलवारी खुंटीला लागल्या, धार लावून घ्यायला कुणी येईना. तेव्हा 1850 च्या सुमारास त्यांनी तंबोरा हातात घेतला. आधी दुरुस्ती, मग नवे. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. आजही तिथल्या कित्येक घरांचं आडनावच सतारमेकर आहे. कोअर कंपनी बंद पडली म्हणून ब्रँच बदलून प्लेस झाले, असं मी म्हटलं तर आजोबा हसले. बहुधा त्यांना कळलं नसावं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आम्ही गेलो तो कारखाना म्हणजे एका जुन्या घराची पुढची खोली. छताला भोपळे टांगलेले. लहान, मोठे, काही तर आपल्या वॉटर कूलरएवढे! चाचा (सगळे त्यांना चाचाच म्हणत होते) एका दांडीवर पटाशी चालवत होते. मी ड्रॉइंग उलगडलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि नीट, सगळं, कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकसकट पाहिलं. आमच्या प्रोफेसरांनीसुद्धा माझं शीट इतक्या आदराने पाहिलेलं नाही.

"नक्षा चांगला काढलाईस," ते म्हणाले. "पण हे काम आमचं न्हवं."

"का? लाकूड तेच, तारा त्याच..."

"गिटारीच्या फळीला आतून काड्या असतात. कुठली कुठं, किती जाड, त्यावर सगळा आवाज. ते शिकायला मला दुसरा जन्म पाहिजे. मोडली तर जोडून देतो. नवी करून तुझं पैसे घेणार न्हाई."

आणि खरंच त्यांनी माझ्या गिटारचा ब्रिज काढून, घासून, सरस लावून पुन्हा बसवायला घेतला. क्लॅम्प सुकेपर्यंत दोन तास तिथेच बसायचं होतं. मी मनातून खट्टू झाले होते. रूममेट मोबाईलवर. तेवढ्यात चाचांच्या मुलाने कोपऱ्यातला एक तयार तंबोरा आडवा घेतला आणि तो लावायला लागला.

इथे मला जरा गाडी मागे न्यावी लागेल.

माझी आई गायची. तिचं माहेर बारामतीचं. लग्नाआधी तिने गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या होत्या, मध्यमा पूर्ण झाली होती आणि विशारद राहिली. तंबोरा तिचा स्वतःचा कधीच नव्हता, क्लासमधल्या बाईंचा. लग्न होऊन भांडगावला आली, मग शेतघर, गडीमाणसं, मी. तरी संध्याकाळी ती गायची, हे मला अंधुक आठवतं. तिसरीत माझ्या वाढदिवसाला शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, पहिल्यांदाच. केक कापायच्या आत लाईट गेले. मुली घाबरल्या. आईने मेणबत्ती लावली आणि मुलींचा जीव रमावा म्हणून गायला लागली. आलापच सुरू केला असेल. एक मुलगी खुदकन हसली. आणि मी म्हणाले, "मम्मी, प्लीज स्टॉप. इट्स सो एम्बॅरसिंग."

आईला तेवढं इंग्लिश येत होतं.

तिने काही म्हटलं नाही. टाळ्या वाजवून हॅपी बर्थडे म्हटलं. त्यानंतर माझ्यासमोर ती मोकळेपणाने गायल्याचं मला आठवत नाही. गुणगुणायची, भजनी मंडळात इतर बायकांबरोबर म्हणायची, पण ते वेगळं. मी हे विसरून गेले होते असं म्हणाले तर खोटं होईल. विसरले नव्हते. फक्त कुठे उघडायची नाही अशा फाईलमध्ये ठेवलं होतं.

तर तो तंबोरा. चाचांचा मुलगा एक तार छेडायचा, कान लावायचा, मणी सरकवायचा. आधी चार वेगवेगळ्या तारा ऐकू येत होत्या. मग अचानक त्या चार राहिल्या नाहीत. खोलीत काहीतरी भरलं. वर टांगलेले भोपळे जणू ऐकायला लागले. मला आमच्या घराची ती संध्याकाळची खोली आठवली, लाईट गेलेली.

"हा कितीला?" मी विचारलं.

"हा सोलापूरच्या गिऱ्हाईकाचा हाय. नवा करायचा तर बोल. गाणार कोण?"

"आई."

"पट्टी कुठली?"

इथे तो प्रश्न आला बघा. पट्टी म्हणजे गाणारा आपला सा जिथे धरतो ती पेटीची सूरपट्टी. पांढरी एक, काळी एक, अशी. गिटारचं तसं नसतं. सगळ्या जगासाठी तेच ट्युनिंग, तीच साईझ, आवाज चढत नसेल तर कॅपो लावा. तंबोरा मात्र एका गळ्यासाठी होतो. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. आणि त्यातही सा कुठे आहे त्यावर भोपळ्याचा घेर आणि दांडीची लांबी ठरते. मी इतका वेळ "माझ्या मापाची गिटार" म्हणत होते ना, इथे तर मापच आवाजाचं होतं!

लहानपणी आई मावशीला सांगताना ऐकलं होतं, ते आठवून मी ठोकून दिलं, "काळी पाच."

चाचांनी पटाशी खाली ठेवली. "ही कधीची गोष्ट?"

"म्हणजे?"

"त्यांचं वय काय आता? रोज गातात का? आवाज काय हितं थांबून ऱ्हातो व्हय बाळ? काळी पाचचा करून देईन, त्या बाई पांढरी पाचवर गात असतील तर काय करशील? तारा बदलून भागवता येतं. पण भोपळा बोलत न्हाई मग. जा, ऐकून ये."

ऐकून ये! इतक्या लांब जाऊन मला होमवर्क मिळालं. परतीच्या एसटीत मी रूममेटला म्हणाले, असाइनमेंट सोपी आहे, मोबाईलवर ट्यूनर आहे, आई गुणगुणेल तेव्हा रीडिंग घ्यायचं, झालं. ती म्हणाली, "तुझ्या आईला विचारत का नाहीस?" मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या शनिवारी घरी गेले. मोबाईल चहाच्या डब्यामागे लपवला, ट्यूनर चालू करून. पहिलं रीडिंग कुकरच्या शिट्टीचं आलं. दुसरं मिक्सरचं. आई गुणगुणली तेव्हा आकडा एकशे ऐंशीपासून तीनशेपर्यंत नाचत होता, कारण ती अर्थातच एकाच सुरावर उभी नव्हती. गाणं आहे ते, फंक्शन जनरेटर नव्हे. तिसऱ्या दिवशी तिने चहाचा डबा काढला आणि मोबाईल दिसला.

"हे काय चाललंय तुझं?"

मग काय, विचारावंच लागलं. "आई, तुझी पट्टी कुठली?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला काय करायचंय?"

"असंच. प्रोजेक्ट आहे."

"काळी पाच होती," ती म्हणाली. मग हात पदराला पुसून, पोळपाट बाजूला सारून, उभ्याउभ्या सा लावला. काळी पाच म्हणजे साधारण 233 हर्ट्झ. तिथे आवाज पोचला आणि फाटला. ती खाकरली. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. मला वाटलं आता थांबेल. पण ती एक पायरी उतरली, मग आणखी एक. काळी चारला जरा थांबली, मान हलवली आणि अजून खाली गेली. तिथे, पांढरी पाचला, आवाज असा बसला की स्टीलच्या ताटात ठेवलेली वाटी हलली. ट्यूनरवर 196. आकडा अजिबात हलत नव्हता. किती वेळ तिने तो सूर धरला मला माहीत नाही. गॅसवरची पोळी जळाली.

"उतरला गं," ती म्हणाली, पोळी उलटत. "तीन पट्ट्या उतरला."

एवढंच. पुढे काही बोलली नाही आणि मीही नाही. पण ते रेकॉर्ड झालं होतं.

आता प्रामाणिकपणे सांगते, त्या रात्री मी गिटारच्या ड्रॉइंगची फाईल पुन्हा उघडली होती. अठरा हजार माझे होते. मुलींच्या इंटिग्रेशनच्या चुका तपासून मिळवलेले. आणि आईने तंबोरा मागितला कुठे होता? मी उद्या तो आणून ठेवला आणि तिने त्यावर कापड टाकून कोपऱ्यात उभा केला तर? दोन दिवस असं चाललं. मग मी बाबांना फोन केला. बाबा कुरकुंभला एमआयडीसीत नोकरी आणि उरलेल्या वेळात ऊस असे दोन्हीकडे असतात. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही असं ते स्वतःच म्हणतात. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कमी पडतील ते सांग. आईला नको सांगू."

दुसऱ्या खेपेला चाचांनी ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून. "वर बसलाय आवाज. पण खाली किती भरलाय बघ. काळी पाचला हे मिळालं नसतं. पांढरी पाचच करू, भोपळा जरा मोठा घेऊ." आणि काठीने छताचे भोपळे खाली घेऊन त्यांनी बोटांच्या पेरांनी एकेक वाजवून बघितला. सहावा पसंत पडला.

हे भोपळे खायचे नव्हेत, कडू असतात. पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भागात, भीमेच्या काठी होतात. भीमा! म्हणजे आमच्या दौंड तालुक्याच्या कडेने जाते तीच. आमच्याकडे तिच्या पाण्यावर ऊस होतो आणि खाली गेल्यावर तंबोरे. भोपळा पुरता वाळल्यावर कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गर खरवडतात आणि आत काड्यांचे आधार देऊन हवा तो आकार येईपर्यंत सुकवतात. दांडी, गळा आणि तबली तुणीच्या लाकडाची. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची पातळ फळी. ती किती पातळ हवी हे चाचा अंगठ्याने दाबून ठरवतात. मी कॅलिपर काढून मोजलं तर मध्ये आणि कडेला जाडी वेगळी निघाली. "चूक झाली का?" मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "तसंच पाहिजे." ज्या गोष्टीला आपण एरर म्हणून वर्तुळ करतो तेच तिथे डिझाईन होतं.

तारीख मात्र देईनात. "पावसात पॉलिश बसत न्हाई. दिवाळीनंतर बघू." आमच्या डेडलाईनच्या दुनियेत "बघू" हा शब्द किती दिवसांनी ऐकला!

दिवाळी झाली, डिसेंबरच्या ओरल्स झाल्या आणि मग निरोप आला.

त्या दिवशी जवारी काढायची होती, आणि ती माझ्यासमोर काढली, म्हणून थोडं टेक्निकल लिहिते. (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, नेहमी नोट्स वाचताना मारता तशी.) गिटारच्या ब्रिजवर तार एका धारदार कडेवरून सुटते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद आणि वरून अगदी मंद उताराची असते. तार त्या उताराला घासत, टेकत, सुटत कंप पावते. टेकण्याची जागा दर कंपनाला पुढेमागे होते. त्यातून ते झगमगणारे वरचे सूर निघतात. फिजिक्सचा जुना नियम सांगतो की तार जिथे छेडाल तिथे ज्या ओव्हरटोनचा नोड असेल तो ऐकू येणार नाही. तार बरोबर मध्ये छेडली तर सम क्रमांकाचे सगळे गायब व्हायला हवेत. तंबोऱ्यात ते होत नाहीत! 1921 साली सी. व्ही. रामन यांनी नेमकं हेच निरीक्षण आपल्या शोधनिबंधात नोंदवलं होतं, नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी. फर्स्ट इयरला आपण रामन इफेक्टवर पाच मार्कांची टीप लिहितो. त्यांनी तंबोऱ्याची घोडी इतक्या बारकाईने पाहिली होती हे कुणी सांगितलंच नाही.

तर चाचा कानसने घोडी घासत होते. दोन हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा दोन हात. दीड तास. एकदा जास्त घासलं गेलं तर घोडी गेली, अनडू नाही. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवला. दोरा केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी तार एकदम उघडली. दुसरा शब्द मला सुचत नाही. बंद दार उघडावं तशी. त्या दोऱ्याला जीवा म्हणतात. इंग्लिशमध्ये शिकलेल्या मुलीला हे शब्द किती उशिरा भेटतात.

सव्वीस हजार झाले. अठरा माझे, आठ बाबांचे. तारा ढिल्या करून, गोधडीत गुंडाळून चाचांनी तंबोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आईंना सांग, महिनाभर रोज लावायचा. गायलं न्हाई तरी चालेल. पण लावायचा."

एसटीने नेण्याचा धीर झाला नाही, म्हणून कोयना एक्सप्रेस. जनरल डब्यात चार-साडेचार फुटांचं गोधडीतलं प्रकरण मांडीवर आडवं घेऊन मी बसले. समोरच्या काकू साताऱ्यापर्यंत टक लावून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आजारी हाय का?" मी म्हटलं, नाही, तंबोरा आहे. त्या म्हणाल्या, "अगं बाई, मग पाय लागतील," आणि स्वतःची पिशवी काढून त्याला जागा करून दिली. पुण्याला उतरून दौंडची लोकल. रात्री नऊला घरी.

आई चिडली! मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. ती आधी किंमत विचारून चिडली, मग बाबांना माहीत होतं हे कळल्यावर आणखी चिडली. "घराचं पत्र्याचं काम राहिलंय आणि हे काय... कोण वाजवणार? वेळ आहे का मला?" बाबांनी मात्र गोधडी सोडली, भोपळ्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला आणि शेतकऱ्याच्या थाटात म्हणाले, "चांगला पिकलेला आहे." चाचांनी केलं होतं अगदी तसंच. आईला हसू आलं, पण ते तिने दाबलं. मग "उभा नका ठेवू, पडेल," असं म्हणत तिने तो स्वतःच उचलून आतल्या खोलीत नेला.

जेवणं झाली. भांडी झाली. तंबोऱ्याचं कुणी नाव काढेना. मी मुद्दाम गिटार काढली नाही. (ब्रिज अजून शाबूत आहे, विंगने नोंद घ्यावी.) दहाच्या सुमारास आतून तार चढवल्याचा आवाज आला. खुंटी कुरकुरली. पंचम वर गेला, घसरला, पुन्हा वर गेला. जोडीच्या तारा एकमेकींना शोधत होत्या. किती वेळ! अर्धा तास तरी ती नुसती लावतच होती. बाबा बाहेरच्या खाटेवर झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

मी आत गेले नाही. मी आत असले तर ती गाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि का, तेही ठाऊक होतं. म्हणून मागच्या दाराने गोठ्याजवळ जाऊन उभी राहिले. थंडी होती. तंबोरा एकदाचा जुळला. मग तिने सा लावला. पांढरी पाच. आज ट्यूनर नव्हता, पण मला कळलं. तिने घाई केली नाही, तिथेच राहिली, मग खाली मंद्रात गेली, जिथे चाचा म्हणाले होते आवाज भरलाय तिथे, आणि तिथून सावकाश वर यायला लागली.

मध्येच थांबली. मला वाटलं झालं.

"बाहेर काय उभी राहिलीस," आतून आवाज आला, "डास चावतील. ये आत. आणि येताना दार लोटून घे."

मी आत गेले. तिने सरकून तंबोरा माझ्याकडे दिला.

"धर. ताल द्यायचा नाही, गिटार नाहीये ती. एकसारखं छेड. मधल्या बोटाने पहिली, मग तर्जनीने बाकीच्या तीन." आणि तिने डोळे मिटले.